मनोरमेची आई

मराठी वाङ्मयात आईविषयी जे काही लिहिले गेले, त्यातील मोठा भाग मुलग्यांनी लिहिला आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, १९३५ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि मराठी माणूस जेथे जेथे जाऊन राहिला, तेथे तेथे देवघरातील पोथ्यांच्या शेजारी तिला जागा मिळाली. मुलींनी आईविषयी लिहिले ते बहुधा आपल्या आत्मचरित्रांच्या पहिल्या पंधरा-वीस पानांत. सासर आले की आई मागे पडते, आणि पुन्हा भेटते ती तिच्या आजारपणात. मात्र आईने स्वतः, मुलगी लहान असताना, तिला वाढवता वाढवता मनात काय चालले होते ते लिहून ठेवावे, असे उदाहरण शोधू गेल्यास हाताची बोटेही पुरी होत नाहीत. ज्या पिढ्यांच्या आयांना लिहिता येत नव्हते त्यांचे सोडा. ज्यांना येत होते त्यांनीही पतीविषयी लिहिले, कार्याविषयी लिहिले, सासूविषयी तर भरभरून लिहिले. मुलगी हा जणू लिहिण्याचा विषयच नव्हता. ती परक्याघरी जाणार होती.

अपवाद आहेत. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आयदाने विणून मुलांचे शिक्षण चालवणारी आई आहे, आणि तीच मुलगी पुढे आई झाल्यावर आपल्या मुलांकडे व मागे वळून आपल्या आईकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर मराठीत दुर्मिळ आहे. परंतु ‘आयदान’विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात ज्या पुस्तकाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, ते मराठीतील नव्हे. एका मराठी आईने इंग्रजीत लिहिलेल्या पत्रांचे आहे. पंडिता रमाबाई यांचा हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली मुंबईहून प्रसिद्ध केला. धर्मांतराचा इतिहास अभ्यासणारे त्याचा आधार घेतात, स्त्री-मुक्तीच्या इतिहासाचे अभ्यासक घेतात. एका लहान मुलीच्या आईने केलेला विचार म्हणून हे पुस्तक कोणी वाचल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. ते तसे वाचावे, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. आणि तसे वाचल्यावर या आईशी आपले पटते का, हेही पाहावयाचे आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी आधी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ही पत्रे मूळ जमा केली ती सिस्टर जेराल्डिन यांनी. इंग्लंडमधील वाँटेज येथील अँग्लिकन मठातील या बाई रमाबाईंच्या धर्ममाता, आणि छोट्या मनोरमेच्या पालक. पत्रे त्यांनी लावली, मधूनमधून स्वतःची प्रास्ताविके घातली, आणि रमाबाई किती हट्टी व अभिमानी होत्या हे वाचणाऱ्याच्या ध्यानी यावे अशी व्यवस्था केली. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. एवढे नक्की सांगू शकतो की, ज्याने फाइल लावली त्याची बाजू फाइल उघडताक्षणी पुढे येते. दुसऱ्याची बाजू त्याच्याच कागदांतून, टिप्पण्या बाजूला सारून, शोधावी लागते. गंमत अशी की जेराल्डिनबाईंनी आपला मुद्दा सिद्ध करण्यासाठी जी पत्रे राखून ठेवली, त्यांनीच रमाबाईंची बाजू जगाला कळली. चोख दफ्तर ठेवणाऱ्या माणसाच्या हातून असे नेहमी घडते.

मनोरमेकडे येण्यापूर्वी तिच्या आजीकडे गेले पाहिजे. कारण रमाबाईंच्या मनात मुलीला वाढवणे म्हणजे काय याचे एकच उदाहरण होते, आणि ते म्हणजे त्यांची स्वतःची आई लक्ष्मीबाई डोंगरे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू बाजीरावसाहेबांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असल्याचे पाहिले होते, आणि स्त्रीला गीर्वाण भाषा येऊ शकते ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून होती. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते जमले नाही. पुढे विधुर झाल्यावर गोदाकाठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने, केवळ कुलशील विचारून, आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली. तीच लक्ष्मी. आजच्या वाचकाच्या अंगावर काटा यावा असा हा विवाह. आणि त्याच विवाहात ती मुलगी संस्कृत शिकली. त्या शिक्षणापायी विरोध झाला, तेव्हा शास्त्रीबुवांनी पंडितांच्या सभेत आधार दाखवून आपली बाजू मांडली, आणि अखेर पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड हलवले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे रमाबाईंचे पुस्तक १८८७ साली अमेरिकेत निघाले. त्याला फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉड्ली यांची प्रस्तावना आहे. आपल्या आनंदीबाई जोशी याच महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाल्या. बॉड्लीबाईंनी लक्ष्मीबाईंच्या शिकवण्याचे जे चित्र काढले आहे ते मोठे मनोहर आहे. दिवसभर घरच्या कामातून उसंत नाही, म्हणून आई पहाटे झोपेने जड झालेल्या मुलीला उचलून मांडीवर घेते, लाडिक शब्दांनी जागी करते, आणि रानातील पाखरे बोलू लागलेली असताना धडा सुरू होतो. पुस्तक नाही, आई म्हणेल ते मुलीने मागून म्हणायचे. चरित्रकारांनी हे चित्र पुढे पुष्कळ वापरले.

त्यातील रान मात्र मला संशयास्पद वाटते. रमाबाईंनी १९०७ साली जे आत्मनिवेदन लिहिले, त्यात त्या म्हणतात की आईवडिलांनी गंगामूळ सोडले तेव्हा त्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाने डोक्यावरून त्यांना डोंगर उतरून आणले. आणि आईने शिकवले ते आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत. म्हणजे हे धडे झाले ते तीर्थयात्रेच्या वाटेवर. देवळांच्या ओवऱ्यांत, धर्मशाळांत, नदीच्या घाटांवर. वडील पुराण सांगत, त्यावर मिळेल त्या शिध्यात संसार चाले. पाखरांचा किलबिलाट बॉड्लीबाईंच्या अमेरिकन वाचकांना आवडला असेल. परंतु आज येथे तर उद्या तेथे अशा बिऱ्हाडात, स्वयंपाक, सोवळेओवळे आणि म्हातारा होत चाललेला नवरा सांभाळून, रोज पहाटे मुलीसाठी तासभर काढणे याला रानातील प्रसन्न सकाळीपेक्षा कितीतरी अधिक निर्धार लागतो. पहाटे मुलीला गोंजारून उठवणारी आई मला खरी वाटते. मात्र ती रानात बसलेली नाही, वाटेवर आहे.

लक्ष्मीबाईंची शिकवण्याची पद्धत रमाबाईंनी एका वाक्यात सांगितली आहे, आणि ती जाणणे अगत्याचे आहे. आईने आपले मन असे तयार केले की पुढे दुसऱ्याच्या फारशा मदतीविना आपले शिक्षण आपल्याला चालवता यावे, असा त्या वाक्याचा आशय. बाराव्या वर्षापर्यंत पुराणांतील १८,००० श्लोक पाठ झाले होते, याचे कौतुक सगळे करतात. पाठांतर हा त्या काळच्या ब्राह्मण घरातला नित्याचा भाग होता. आपल्यावाचून मुलीचे अडू नये, अशा बेताने शिकवणे हा मात्र नव्हता. नऊ वर्षांची असताना बापाने घाटावर देऊन टाकलेल्या बाईला हे सुचले, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. कोणी नसेल तेव्हा काय, हा प्रश्न तिने अनुभवलेला होता.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांना विशेष वाटावी अशी आहे. रमाबाई कर्नाटकात जन्मल्या, देशभर हिंडल्या, कलकत्त्यास १८७८ साली ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ झाल्या, लग्न एका बंगाली वकिलाशी केले. मराठी त्यांना कोणी व्याकरण घेऊन शिकवली नव्हती. आईवडील घरात जी शुद्ध मराठी बोलत ती कानांवर पडून, आणि मराठी वृत्तपत्रे व पुस्तके वाचून, ती त्यांच्यात उतरली असे त्या सांगतात. कन्नड, हिंदुस्थानी, बंगाली या भाषा प्रवासात त्यांना येत गेल्या, पण त्यांनी मराठीला धक्का लावला नाही. १८८२ साली पतिनिधनानंतर त्या पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहून मोकळ्या झाल्या. त्याची शैली संस्कृतप्रचुर आहे, आज ती जड वाटते. तरी एकदाही महाराष्ट्रात स्थिर न राहिलेल्या बाईचे ते मराठी आहे, हे विसरता येत नाही. आपल्याकडे मुलांच्या हिंदीमिश्रित मराठीचे खापर शाळेवर, शेजारावर आणि दूरदर्शनवर फोडण्याची रीत आहे. म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

लक्ष्मीबाईंचा शेवट वाचवत नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या आत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आई अखेरच्या आजारात अन्न मागू लागली तेव्हा रमाबाई एका बाईच्या दारी गेल्या. मागणे कधी ठाऊक नव्हते. हजारो श्लोक ज्या जिभेवर होते, तिला भाकरीचा तुकडा मागण्यासाठी शब्द सापडेना. डोळ्यांतून पाणी आले तेव्हा त्या बाईने ओळखले आणि बाजरीची भाकरी हातावर ठेवली. ती आईला खाता आली नाही. अंत्ययात्रेला खांदेकरी पुरेसे मिळाले नाहीत. उंचीने ठेंगण्या रमाबाईंना आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घ्यावी लागली. १८८७ च्या त्या इंग्रजी पुस्तकाची अर्पणपत्रिका याच आईच्या नावे आहे. तिचा सहवास आणि तिची शिकवण आपल्या आयुष्याचा दिवा ठरली, असे मुलीने तेथे म्हटले आहे. लक्ष्मीबाईंनी मात्र स्वतः आपल्या मुलीविषयी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. संस्कृत येत होते. वेळ नव्हता, आणि तसे लिहायचे असते हे ठाऊक नव्हते.

आता मनोरमा. १६ एप्रिल १८८१ रोजी ती जन्मली. बॉड्लीबाई सांगतात की आईबापांना मुलगीच हवी होती आणि म्हणून जन्मापूर्वीच तिच्यासाठी हे सुंदर नाव तयार होते. त्या काळी हे किती घरांत घडले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. वर्षभराच्या आत बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे दोघींनी बाप्तिस्मा घेतला, आणि रमाबाई चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात शिकण्या-शिकवण्यासाठी राहू लागल्यावर मनोरमा वाँटेजच्या सिस्टरांकडे वाढू लागली. सिस्टर जेराल्डिन यांना आई आणि मुलगी दोघीही ‘आजीबाई’ म्हणत. रमाबाईंची पत्रेही ‘आजीबाई’ असा संबोधून सुरू होतात, आणि पुढे पानेच्या पाने त्याच आजीबाईंशी तात्त्विक हमरीतुमरी चालते. आपल्या घरात थोरल्या जावेशी वाद घालताना ‘अहो वहिनी’ सुटत नाही, तसे हे आहे.

वाद कशावरून होता? वरवर पाहता धर्ममतांवरून. त्रैक्याचे गूढ, चर्चच्या अधिकाराचा प्रश्न, रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही. या शेवटच्या मुद्द्यावर तर हिंदुस्थानातील बिशपांचे अभिप्राय मागवले गेले होते, आणि ते अर्थातच प्रतिकूल आले. रमाबाई मांसाहार करीत नसत, अंडे घातलेला पदार्थही टाळत. जेराल्डिनबाईंना त्यात जातीचा जुना ताठा दिसे. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असे रमाबाई विचारीत. डोरोथिया बील या चेल्टनहॅमच्या प्रमुख बाई अधिक समंजस होत्या. हिच्याशी हुकूम चालणार नाही, समजावून सांगावे लागेल, हे त्यांनी ओळखले होते. परंतु ही सारी पत्रे एका बैठकीत वाचली तर ध्यानात येते की वाद कोठूनही सुरू झाला तरी फिरून मनोरमेपाशी येतो. मुलीला काय शिकवायचे, कोणी शिकवायचे, आणि जे तिला अजून समजू शकत नाही ते तिच्याकडून आताच म्हणवून घ्यायचे की नाही, हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आई या नात्याने हा निर्णय माझा आहे, ही भूमिका रमाबाईंनी कोठेही सोडली नाही. पोसते कोण, शिक्षणाचा खर्च करते कोण, हे त्या पुरते जाणून होत्या. परदेशात त्यांना दुसरा आसरा नव्हता. ज्याच्या अन्नावर मूल वाढते आहे त्याला ‘माझ्या मुलीला हे शिकवू नका’ असे लेखी कळवणे किती अवघड असते, हे नोकरीत वरिष्ठाला लेखी नकार दिलेल्यांना चटकन कळेल.

याच पत्रव्यवहारात एक पत्र आहे, ज्यासाठी हे सारे पुस्तक वाचावे. मनोरमेला पूर्णपणे इंग्रज वळणावर वाढवण्याच्या विचाराला रमाबाई त्यात उत्तर देतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मुलगी आमच्या माणसांत त्यांच्यापैकीच एक म्हणून राहिली पाहिजे, वरच्या पायरीवर उभी असलेली पाहुणी म्हणून नव्हे. आमची माणसे तुमच्याइतकी सफाईदार नसतील. तरी त्यांचे नाव निघाले की तिची मान खाली जाऊ नये. आणि मग त्या अशा अर्थाचे जोडतात की परमुलखात घर केलेल्यांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ ते पुन्हा उघडले नाही. मुलीला प्रोत्साहन देणे म्हणजे आपण काय समजतो? ती पुढे जावी, पहिली यावी, आपल्याला जे मिळाले नाही ते तिला मिळावे. रमाबाईंना हे सारे हवेच होते. त्यासाठीच त्या सातासमुद्रापलीकडे आल्या होत्या. पण त्याहून एक वेगळी भीती त्यांना दिसली होती. मुलगी अयशस्वी होईल ही ती भीती नव्हे. मुलगी यशस्वी होईल आणि त्या यशाच्या उंचीवरून आपल्याच माणसांकडे खाली पाहील, ही होती. आपल्या जुन्या मराठी घरांत ही भीती आपण बोलून दाखवत नाही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे आपले पूर्वज आले ते सरदार, मुत्सद्दी, कारकून, पुराणिक म्हणून. आपण स्थानिकांहून काही वेगळे आहोत हा समज आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरला. आता आपल्याच मुली बंगळूरहून किंवा न्यू जर्सीहून येतात आणि आजीच्या ‘उठलास का गं’ला ‘हाँ दादी’ किंवा त्याहून परके काही उत्तर देतात, तेव्हा आपल्याला वाईट वाटते ते भाषेचे की मानाचे, हे विचारण्याजोगे आहे. रमाबाईंनी या दोहोंची गल्लत केली नाही. मुलीने आपला मान राखावा एवढ्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. ज्या देशातील विधवांसाठी पुढे काम करायचे होते, त्या विधवांपुढे ती परकी म्हणून उभी राहू नये, ही त्यामागची तळमळ आहे.

अलीकडे आपल्या मंडळांच्या अंकांत आयांनी मुलींविषयी, आज्यांनी नातींविषयी लिहिलेले लेख वाढले आहेत, ही आनंदाची गोष्ट. त्यांतील पुष्कळसे लेख मात्र गुणपत्रिकेसारखे वाचावे लागतात. अमुक स्पर्धा, अमुक टक्के, अमुक देश. रमाबाईंच्या पत्रांत मनोरमेचे कौतुक अगदी थोडे आहे, आणि काळजी पानोपानी. ती काळजी दुसऱ्याशी, तीही विरोधी मताच्या दुसऱ्याशी, वाद घालता घालता व्यक्त झाल्यामुळे तिला धार आली आहे. आपले म्हणणे आपल्याच मनाशी स्पष्ट करून घ्यावे लागले आहे. साहित्य म्हणून या पत्रांचे मोल येथे आहे.

तरी या आईचे सर्वच पटते असे नाही. मुलगी आपल्यातून तुटू नये म्हणून एवढे लिहिणाऱ्या रमाबाईंनी तिला पुन्हा पुन्हा दूर ठेवले. चेल्टनहॅमच्या दिवसांत ती वाँटेजला. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, आणि व्याख्यानांचा दौरा लांबला तसे पाच वर्षांच्या मुलीला परत इंग्लंडला पाठवावे लागले. रमाबाईंचे ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति’ हे पुस्तक (१८८९) मराठीतील उत्तम प्रवासवर्णनांपैकी एक आहे. त्यात अमेरिकेतील बायकांच्या संस्था आहेत, शाळा आहेत, नायगारा आहे, पण पाच वर्षांच्या मुलीपासून दूर असलेली आई जवळजवळ नाही. ती फक्त पत्रांत आहे. त्यांना दुसरा मार्ग होता का? बहुधा नव्हता. मुंबईस ११ मार्च १८८९ रोजी शारदासदन उघडले ते याच दौऱ्यात जमलेल्या पैशांवर. पण लक्ष्मीबाईंजवळ पैसा, घर, संस्था यांतील काहीच नव्हते, आणि मुलगी मात्र रोज पहाटे मांडीवर होती, हा भेद दृष्टिआड करता येत नाही.

याहून मोठा भेद पुढे दिसतो. लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईंच्या मागे आईचे काहीही शिल्लक नव्हते. होते ते आपले आपण शिकत राहणारे मन. त्या मनाने आईला कधी सुचले नसते ते सारे केले. ब्राह्मसमाज पाहिला, आंतरजातीय विवाह केला, धर्म बदलला, आणि त्या नव्या धर्माच्या अधिकाऱ्यांशीही वाद घातला. आईचा वारसा घेऊन मुलगी आईच्या वाटेपासून इतकी दूर गेली. मनोरमेच्या वाट्याला हे आले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली आणल्या. भाकरीचा तो तुकडा त्यांच्या मनातून गेलेला नव्हता. केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. एवढे मोठे काम उभे झाले की त्याला वारस लागतो. मनोरमा अमेरिकेत शिकून आली, शारदासदनाची शाळा तिने सांभाळली, मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, आणि १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्यास, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, मुलींसाठी शाळा उभारण्यात पुढाकार घेतला. हैदराबादकर वाचकांपैकी काहींच्या आज्यापणज्यांनी तिला पाहिलेही असेल. तिने लग्न केले नाही. आईच्या कामाबाहेर तिचे असे काही आयुष्य होते का, हे आपल्या चरित्रकारांनी विचारलेलेच नाही. देवदत्त नारायण टिळकांच्या ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ या जिव्हाळ्याने लिहिलेल्या चरित्रातही मनोरमा येते ती आईचा उजवा हात म्हणून.

यावर असा आक्षेप येईल की आईचे काम पुढे नेण्यात मुलीला धन्यता वाटली असेल तर आपण कोण बोलणारे? आक्षेप रास्त आहे. तिला ती वाटली असेलही. ‘आपल्या माणसांत त्यांच्यापैकी एक’ होऊन राहावी ही आईची इच्छा तर तिने अक्षरशः पुरी केली. केडगावच्या आणि गुलबर्ग्याच्या मुलींत ती परकी राहिली नाही. इंग्लंड-अमेरिकेत वाढूनही तिला आपल्या माणसांची लाज वाटली नाही, यात त्या पत्राचा विजयच आहे. परंतु टीकाकाराने विजयाचीही किंमत विचारावी लागते. ज्या आईने परक्या मठातील अधिकाऱ्यांना ‘माझ्या मुलीचे मन तुम्ही आधीच भरून टाकू नका’ असे बजावले, तिच्याच उभ्या केलेल्या संस्थेत त्या मुलीचा चाळिसाव्या वर्षापर्यंतचा सारा दिवस भरून गेला. लक्ष्मीबाईंनी मुलीला जी मोकळीक दिली ती काही तत्त्वज्ञान म्हणून दिली नाही; त्यांच्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नव्हतेच. रमाबाईंजवळ पुष्कळ होते. मुलीला पुष्कळ देऊ शकणाऱ्या आईची अडचण निराळी असते, आणि आजच्या आपल्या घरांतील बहुतेक आया या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलच्या भाषांतराचे काम संपवीत होत्या. मुलीच्या मागे त्या नऊ महिन्यांहून कमी जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचेही निधन झाले. मुक्तीची धुरा लिसा हेस्टी या न्यूझीलंडच्या बाईंकडे गेली.

रमाबाईंचे इंग्रजी लेखन मीरा कोसंबी यांनी २००० साली ‘पंडिता रमाबाई थ्रू हर ओन वर्ड्‌स’ या ग्रंथातून पुन्हा अभ्यासकांपुढे आणले. मराठी वाचकांसाठी मात्र एक लहानसे काम बाकी आहे. या पत्रव्यवहारातून केवळ मनोरमेविषयीची आणि मनोरमेला लिहिलेली पत्रे निवडून, जेराल्डिनबाईंच्या टिप्पण्यांसह, मराठीत आणावीत. टिप्पण्या गाळू नयेत. त्यांच्यावाचून आई कोणाशी बोलते आहे ते कळणार नाही. शंभर-सव्वाशे पानांचे पुस्तक होईल. इंग्रजी आणि मराठी दोन्ही उत्तम जाणणाऱ्या निवृत्त प्राध्यापिका आपल्या प्रत्येक केंद्रात आहेत, आणि त्यांतील कित्येकींच्या मुली परदेशी आहेत. भाषांतराला सुरुवात करताना पहिला शब्द तरी सोपा जाईल. मूळ इंग्रजी पत्रांतही तो ‘आजीबाई’ असाच आहे.